शिफारसपत्राचा मसुदा

परदेशातील पदव्युत्तर शिक्षणासाठी मिळणाऱ्या नामांकित शिष्यवृत्त्यांविषयी मराठीत जे काही लिहिले जाते, ते बहुधा निकाल लागल्यानंतर लिहिले जाते. छायाचित्र येते, गावाचे नाव येते, आई-वडिलांच्या कष्टांचा उल्लेख येतो. परंतु अर्ज भरण्याच्या त्या तीन-चार महिन्यांत काय घडते, कोणता कागद कोणापाशी अडतो, कोण काय सल्ला देतो, याचा मागमूस त्या बातमीत नसतो. मला आज त्या अर्जातील एकाच कागदाविषयी लिहायचे आहे. तो उमेदवाराने लिहायचा नसतो आणि आपल्याकडे बहुतेक वेळा त्यालाच लिहावा लागतो. तो कागद म्हणजे शिफारसपत्र.

माझी नेमणूक सध्या चंदीगडला आहे. या शहरात परदेशी शिक्षण हा विषय अक्षरशः भिंतींवर लिहिलेला आहे. सेक्टर १७ किंवा सेक्टर ३४ मधून फेरफटका मारला तर आयईएल्टीएसचे वर्ग आणि व्हिसा सल्लागार यांच्या पाट्यांनी डोळे भरून येतात. जानेवारी २०२४ मध्ये कॅनडाने विद्यार्थी परवान्यांच्या संख्येवर मर्यादा घातली. त्यानंतर काही पाट्यांवरचा कॅनडा पुसला जाऊन तेथे जर्मनी आला, एवढाच फरक मला दिसला. या बाजारात शिष्यवृत्तीला स्थान नाही, कारण शिष्यवृत्तीवर मध्यस्थाला दलाली मिळत नाही. अर्थात याच शहराची दुसरीही एक परंपरा आहे. सेक्टर १४ मधील पंजाब विद्यापीठात हा विषय निघाला की डॉ. मनमोहन सिंग यांचे नाव निघतेच. विद्यापीठाचा अर्थशास्त्र विभाग होशियारपूरला होता तेव्हा, १९५४ मध्ये, ते एम.ए. झाले, पुढे केंब्रिजला गेले, १९५७ मध्ये तेथील ट्रायपॉस परीक्षेत पहिला वर्ग मिळवला आणि परत येऊन याच विद्यापीठात शिकवू लागले. पण परंपरा असणे वेगळे आणि तिची कार्यपद्धती शिल्लक असणे वेगळे.

माझ्या कार्यालयातील एक सहकारी मूळचे नांदेड जिल्ह्यातील आहेत. बदल्यांच्या ओघात ते उत्तरेकडे आले आणि येथेच स्थिरावले. येथील मराठी कुटुंबांच्या गणेशोत्सवामुळे आमचा घरोबा झाला. त्यामुळे वडील मला ‘साहेब’ म्हणत असले तरी मुलगी ‘काका’ म्हणते. तिने अर्थशास्त्रात एम.ए. केले आहे. २०२५ च्या सप्टेंबरात एका रविवारी ती लॅपटॉप घेऊन घरी आली. इंग्लंडमधील एका शिष्यवृत्तीसाठी आणि अमेरिकेतील एका विद्यापीठासाठी ती अर्ज करीत होती.

“काका, तीन शिफारसपत्रं लागतात. दोन सरांची झाली. तिसरं तुम्ही द्याल का? मसुदा मी आणलाय.”

“सरांची झाली म्हणजे?”

“म्हणजे सरांनी लिहून आणायला सांगितलं होतं. मी लिहिली. ते फक्त अपलोड करणार आहेत.”

हे तिने इतक्या सहजपणे सांगितले की, जणू काही अर्जाला छायाचित्र चिकटवण्याचाच प्रकार असावा. मी तिन्ही मसुदे वाचले. इंग्रजी निर्दोष होते. हल्ली ते यंत्राच्या मदतीने निर्दोष करता येते. तिन्ही पत्रांत ती असामान्य बुद्धिमत्तेची होती, तिन्हींत तिच्या अंगी नेतृत्वगुण होते, तिन्हींत ती संकटसमयी न डगमगणारी होती. माझ्या नावाच्या पत्रात तर तिने माझ्या हाताखाली काही आठवडे काम केल्याचे आणि मी तिच्या विश्लेषणशक्तीने प्रभावित झाल्याचे म्हटले होते. तिने माझ्या कार्यालयाची पायरी एकदाच चढली होती, वडिलांचा डबा द्यायला.

मला राग आला नाही, कारण हेच मी स्वतः केले आहे.

१९९३ साली, सरकारी नोकरीत येण्यापूर्वी, मी अशाच एका शिष्यवृत्तीसाठी अर्ज केला होता. माझ्या दोन प्राध्यापकांनी मला हेच सांगितले होते, “तूच लिहून आण, मी सही करतो.” त्यात त्यांना काही गैर वाटले नाही आणि मलाही. उलट त्यांनी एवढा विश्वास टाकला याचा अभिमानच वाटला. मी कोपऱ्यावरच्या टायपिंगच्या दुकानात बसून दोन्ही पत्रे टंकलिखित करून घेतली. मुलाखतीपर्यंत पोहोचलो. समितीत पाच जण होते. त्यांतील एका वयस्क गृहस्थांनी चष्मा वर करून विचारले, “सार्वजनिक वित्तव्यवहाराविषयी तुमचे काही स्वतंत्र विचार आहेत, असे तुमच्या प्राध्यापकांनी लिहिले आहे. त्यांतला एखादा सांगा.” ते वाक्य मीच रचले होते, आणि चांगले वाटते म्हणून रचले होते. माझ्यापाशी स्वतंत्र असा एकही विचार नव्हता. असलेच तर पाठ्यपुस्तकातले होते. मी काहीतरी पुटपुटलो. त्यांनी दोन्ही पत्रे शेजारी-शेजारी ठेवली आणि अगदी सौम्यपणे म्हणाले, “दोन्ही प्राध्यापकांकडे एकच टंकलेखन यंत्र आहे काय? दोन्हीकडे एकाच अक्षराचा पाय तुटलेला दिसतो.” बाकीचे हसले. मीही हसलो, आणि बाहेर येऊन बराच वेळ जिन्यात बसून राहिलो.

त्या वर्षी माझी निवड न होण्यास इतरही कारणे असतील. तरीही बत्तीस वर्षांनंतर लक्षात राहिले आहे ते तुटलेल्या पायाचे अक्षर.

आता या प्रकाराचा दोष प्राध्यापकांच्या माथी मारणे सोपे आहे. मला ते पुरेसे वाटत नाही. शंभर-सव्वाशे मुलांच्या वर्गात शिकवणाऱ्या अध्यापकाला एखाद्या विद्यार्थिनीचा चेहरा आठवला तरी पुष्कळ झाले. तिने काय लिहिले, कुठे अडखळली, कोणता प्रश्न विचारला हे त्याला आठवावे असा आपल्या परीक्षापद्धतीचा आग्रहच नाही. उत्तरपत्रिका तपासणारा वेगळा, शिकवणारा वेगळा. ज्याने विद्यार्थ्याचे काम कधी पाहिलेलेच नाही, त्याला त्याविषयी दीड पान लिहायला सांगितले तर तो विशेषणांचा आश्रय घेणार, नाहीतर ते काम विद्यार्थ्यावरच सोपवणार. दोन्हींत कागद एकाच प्रकारचा तयार होतो.

आणि आम्ही सरकारी लोक तरी काय वेगळे करतो? थोडे विषयांतर करतो, पण ते या विषयाला लागूनच आहे. आमच्याकडे पूर्वी गोपनीय अहवाल असे. त्यातला प्रतिकूल शेरा तेवढा संबंधिताला कळवला जाई, बाकीचा अहवाल कपाटात. २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने देव दत्त प्रकरणात असा निर्णय दिला की, प्रत्येक नोंद, मग ती प्रतिकूल असो वा नसो, कर्मचाऱ्याला कळवली पाहिजे. त्या प्रकरणातील कर्मचाऱ्याला ‘चांगला’ असा शेरा मिळाला होता. बढतीसाठी ‘खूप चांगला’ हवा होता. म्हणजे ‘चांगला’ हाच त्याच्या वाटेतला अडथळा ठरला होता, आणि ते त्याला ठाऊकच नव्हते. निर्णय न्याय्य होता यात मला शंका नाही. पुढच्याच वर्षी केंद्र सरकारने तशी कार्यपद्धती घालून दिली. एक ते दहा असे गुण आले; आठ आणि त्यापुढे म्हणजे ‘उत्कृष्ट’. मी आजवर जे अहवाल लिहिले आणि पाहिले, त्यांत आठच्या खाली गुण देणे म्हणजे वैर पत्करणे झाले आहे. नऊ हा सर्वसामान्य गुण. एखाद्याला साडेसात दिले की तो दुसऱ्या दिवशी केबिनमध्ये येऊन विचारतो, “साहेब, माझं काय चुकलं?” अशा वातावरणात वीस-पंचवीस वर्षे काढलेल्या अधिकाऱ्याकडे कोणी शिफारसपत्र मागितले तर त्याची लेखणी आपोआप नवावर जाऊन थांबते.

याच्या उलट टोकाचे उदाहरण त्या मुलीच्या दुसऱ्या अर्जात होते. अमेरिकेतील विद्यापीठाच्या अर्जात शिफारसपत्राखाली एक लहानसा चौकोन होता आणि त्यावर तिने न वाचताच खूण केली होती. अमेरिकेत १९७४ च्या एका कायद्याने विद्यार्थ्याला स्वतःविषयीची शैक्षणिक कागदपत्रे पाहण्याचा हक्क आहे. म्हणून अर्जदाराला विचारले जाते की, शिफारसपत्रापुरता हा हक्क तू सोडतोस काय? सोडला तर पत्र लिहिणारा मोकळेपणाने लिहील, असे वाचणारे समजतात. हे पत्र मी कधीही पाहणार नाही, असे आमच्या मुलीने तेथे मान्य केले होते. ते पत्र तिच्याच लॅपटॉपमध्ये होते. मी तिला हे समजावून सांगितले तेव्हा ती हसली नाही. तिचा चेहरा पडला.

आपल्या सरकारी शिष्यवृत्ती योजनांनी या अडचणीतून स्वतःपुरती वाट काढली आहे. केंद्राची राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्ती १९५४-५५ पासून चालू आहे आणि महाराष्ट्राची राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची योजना २००३ पासून. आज त्यांत विद्यापीठाचे जागतिक क्रमवारीतील स्थान, कुटुंबाचे उत्पन्न, गुणांची टक्केवारी यांना वजन आहे. कोणी कोणाविषयी काय म्हटले याला नाही. प्रशासक म्हणून मी हे समजू शकतो. ज्या देशात प्रत्येक शिफारस ओळखीतून येते असा समज आहे, तेथे मोजता येणाऱ्या गोष्टींवरच विसंबणे हे सर्वांत सुरक्षित. परंतु ज्या विद्यापीठाचा क्रमांक पाहून शिष्यवृत्ती मिळते, त्या विद्यापीठाने प्रवेश देताना शिफारसपत्रे वाचलेलीच असतात. आपण दरवाजा टाळला, पण तो घरालाच आहे.

आपल्याकडे ही विद्या कधीच नव्हती असे मात्र नाही. महाराष्ट्रातील सर्वांत परिचित परदेशी शिष्यवृत्ती म्हणजे सयाजीराव गायकवाड यांनी भीमराव आंबेडकर यांना दिलेली. ४ जून १९१३ रोजी बडोदे संस्थानाशी करार झाला. तीन वर्षांची शिष्यवृत्ती, दरमहा साडेअकरा पौंड, आणि परतल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी. जुलैमध्ये ते न्यूयॉर्कला पोहोचलेही. (सात आठवडे! आज निवड जाहीर होऊन पैसे हातात पडायला किती काळ लागतो, हे ज्यांनी अनुभवले आहे त्यांना मी अधिक सांगायला नको.) हे सर्व बहुतेकांना ठाऊक असते. त्यामागची शिफारस कोणाची होती, याकडे सहसा लक्ष जात नाही.

ती कृष्णाजी अर्जुन केळुसकर यांची होती. केळुसकर मुंबईत विल्सन हायस्कूलमध्ये शिक्षक होते आणि शिवाजी महाराज व बुद्ध यांचे मराठी चरित्रकार. चर्नी रोडच्या बागेत ते संध्याकाळी जात. तेथे एक मुलगा रोज पुस्तक घेऊन बसलेला त्यांना दिसे. त्यांनी त्याची चौकशी केली, त्याला वाचायला पुस्तके दिली, १९०७ मध्ये तो मॅट्रिक झाला तेव्हा सत्काराच्या सभेत स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले. पुढे महाविद्यालयाचा खर्च झेपेना तेव्हा त्यांनीच सयाजीरावांकडे शब्द टाकला आणि दरमहा पंचवीस रुपये मिळू लागले. बडोद्याशी आलेला संबंध येथून सुरू होतो. केळुसकर त्या मुलाचे नातलग नव्हते, जातीचे नव्हते, त्याच्या शाळेतलेही नव्हते. त्यांच्यापाशी एकच गोष्ट होती. त्यांनी त्याला वाचताना पाहिले होते, आणि एकदा नव्हे तर अनेक संध्याकाळी.

पुढची दोन नावे अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांना परिचित असतील. १९२० मध्ये आंबेडकर लंडनला दुसऱ्यांदा गेले, या वेळी स्वतःची बचत, शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या मित्राचे कर्ज यांच्या बळावर. त्या वेळी कोलंबियाचे प्राध्यापक सेलिग्मन यांनी लंडनचे प्राध्यापक फॉक्सवेल यांना त्यांच्याविषयी पत्र लिहिले. फॉक्सवेल यांनी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या सचिवांना जे कळवले त्याचा आशय असा की, या गृहस्थांना येथे जिंकण्यासारखे काही उरलेलेच नाही. तरीही ते तेथे राहिले. १९२१ मध्ये एम.एस्सी. आणि १९२३ मध्ये डी.एस्सी. झाले. त्यांचा रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंध त्याच वर्षी ग्रंथरूपाने निघाला आणि त्याला एडविन कॅनन यांची प्रस्तावना आहे. एम.ए.ला असताना मी तो ग्रंथ परीक्षेपुरता चाळला होता. प्रस्तावना वाचली ती पुष्कळ उशिरा. कॅनन तिच्यात स्पष्ट म्हणतात की, सुवर्ण विनिमय पद्धतीविषयी लेखकाचा जो विरोध आहे तो मला मान्य नाही आणि त्याचे बरेचसे युक्तिवादही मान्य नाहीत. पण काही ठिकाणी त्याचा घाव अचूक बसतो आणि जिथे तो मला चुकीचा वाटला तिथेही त्याच्या विचारांत ताजेपणा आढळला. मार्गदर्शकाने आपल्याच विद्यार्थ्याच्या पुस्तकाच्या पहिल्या पानांवर हे लिहावे! आपल्याकडे अशी प्रस्तावना मिळाली तर लेखक ती छापणार नाही. आणि तरीही, एका शतकानंतर वाचताना, तिच्यापेक्षा मोठी शिफारस मला सुचत नाही. कारण कॅनन यांनी तो प्रबंध वाचला होता, याविषयी ती वाचणाऱ्याला शंका राहत नाही.

हे सर्व मी त्या रविवारी मुलीला सांगितले. ती शांतपणे ऐकत होती. मग तिने जो प्रश्न विचारला त्याला माझ्यापाशी आजही पुरते उत्तर नाही. ती म्हणाली, “काका, बाकीच्या सगळ्यांच्या पत्रांत ‘असामान्य’ लिहिलेलं असणार. माझ्याच पत्रात नसलं तर त्यांना वाटेल, ही सामान्य आहे. तुमच्या ऑफिसात एकालाच साडेसात दिल्यासारखं होईल ते.”

वडिलांनी घरी बोलताना अहवालांचे प्रकरण सांगितलेले दिसले! तिचे म्हणणे खोटे नव्हते. सर्वांनी नाणे हिणकस केले असताना एकट्याने शुद्ध सोने काढले तर बाजारात ते चालेलच असे नाही. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला हे सांगावे लागत नाही. मी एवढेच म्हणू शकलो की, ही पत्रे वाचणारी माणसे दर वर्षी शेकडो पत्रे वाचतात. ‘असामान्य’ हा शब्द त्यांच्या डोळ्यांना आता दिसतही नसेल. घडलेली एखादी गोष्ट मात्र दिसत असावी. हे माझे अनुमान आहे, माझ्यापाशी आकडे नाहीत. आणि मुलाखतीत त्या गोष्टीविषयी विचारले तर तुझ्यापाशी उत्तर असेल, माझ्यापाशी नव्हते.

मग प्रश्न उरला की, मी तिच्याविषयी खरोखर काय जाणतो? तिच्या अर्थशास्त्राविषयी काहीच नाही. पण २०२४ च्या गणेशोत्सवाचा हिशेब तिच्याकडे होता. शेवटच्या दिवशी रोख रक्कम तीनशे चाळीस रुपयांनी कमी भरली. दोघा-तिघा ज्येष्ठांनी खिशात हात घातला, “अगं, मी टाकतो, मिटव ते.” ती म्हणाली, “पैसे द्या काका, पण मी ते देणगी म्हणून लिहीन. तूट तूट म्हणूनच राहील.” थोडी नाराजी झाली. सभेत वाचून दाखवलेल्या हिशेबात तूट दाखवली गेली. ती कशी आली हे शेवटपर्यंत कळले नाही. पुढच्या वर्षी तिने पावतीपुस्तके मोजून दिली, मोजून परत घेतली आणि प्रत्येक संध्याकाळी रोख जुळवली. तूट आली नाही.

मी हेच लिहिले. मी तिला शिकवलेले नाही, तिच्या विषयातील गतीविषयी मी मत देऊ शकत नाही, हे पहिल्या परिच्छेदात. तिला किती वर्षे आणि कोणत्या नात्याने ओळखतो हे दुसऱ्यात. आणि तीनशे चाळीस रुपये तिसऱ्यात. पाऊण पान झाले. सरकारी लेटरहेड वापरले नाही, कारण माझ्या पदाचा त्या गोष्टीशी संबंध नव्हता. अपलोडही मीच केले, तिला न दाखवता.

सरांच्या पत्रांसाठी मी तिला एवढेच सुचवले की, स्वतः लिहिलेला मसुदा देऊ नकोस, त्याऐवजी स्वतःचे काम दे. एखादा निबंध, त्यावरचे सरांचे शेरे असले तर तेही, कोणत्या अभ्यासक्रमासाठी अर्ज करते आहेस त्याचे एक पान, आणि शेवटची तारीख. आणि निदान सहा आठवडे आधी दे. (तिच्यापाशी तीनच उरले होते.) एका सरांनी ऐकून घेतले नाही, त्यांना वेळ नव्हता, आणि तो मसुदा तसाच गेला. दुसरे आधी जरा चिडले, मग निबंध ठेवून घेतला. तो मंडईतील भाजीच्या दरांवर होता. चार दिवसांनी त्यांनी तिला बोलावून निबंधातील दोन तक्ते का जुळत नाहीत, असे विचारले. तक्ते खरोखरच जुळत नव्हते. तिने दुरुस्ती करून दिली. दोन वर्षांत सरांशी एवढा वेळ बोलण्याची ही पहिलीच वेळ, असे ती सांगत होती. त्यांनी काय लिहिले ते तिला ठाऊक नाही.

अमेरिकेतून नकार आला. इंग्लंडच्या शिष्यवृत्तीच्या मुलाखतीचे बोलावणे आले आहे.

बोलावणे आले त्या दिवशी तिचे वडील पेढे घेऊन केबिनमध्ये आले. समाधान चेहऱ्यावर होते, पण काहीतरी मनात खात होते. मी बसायला सांगितले. पेढ्यांचा डबा टेबलावर सरकवत ते म्हणाले, “साहेब, रागावू नका, एक विचारू? ती तीनशे चाळीसची तूट... ते तिकडे लंडनला कळवायलाच हवं होतं का?”